म्हणजे मास्तर

कारापुरात दार वाजवून कोणी येत नाही. अंगणात चपला काढता काढताच हाक मारायची आणि आतून "कोण गो?" येईपर्यंत बलकांवावरच्या, म्हणजे ओसरीच्या, बाकावर बसूनही घ्यायचं, अशी इथली रीत. त्यामुळे त्या सकाळी दाराची कडी वाजली तेव्हा कमलाक्षीचा नारळ खवणारा हात थांबला. कडी वाजवणारं माणूस कागद घेऊनच येतं, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

एरवी सकाळ रोजचीच होती. पोदेर पावाचे उंडे देऊन गेला होता, अळसांद्यांची भाजी शिजत आली होती, आणि तिचा नवरा शिवदास पेपर वाचून, चष्मा खिडकीत, जनेलाच्या गजांपाशी ठेवून, मागच्या पडवीत दाढी करत होता.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात जाड फाईल.

"शिवदास हळर्णकर सर इथंच राहतात?"

ह्या घरात 'सर' कोणी राहत नव्हतं. इथं बाबा राहत होते, शिवदासदादा राहत होते, आणि जुनी खाणीवरची माणसं आली तर 'म्हणजे मास्तर' राहत होते. पण हाक मागच्या पडवीपर्यंत बरोबर पोचली. एका कानामागे साबण तसाच ठेवून शिवदास सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. बटणं एक घर वर लागली होती.

मुलीचं नाव विनिता. म्हापशाच्या एका प्रशिक्षण कंपनीत ती कामाला होती. पेडण्याला एक मोठी लॉन्ड्री आहे, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथं धुतात. तिथल्या कामगारांसाठी तीन दिवसांचा 'सक्षमीकरण कार्यक्रम' ठरला होता. योजनेत एक अट होती. एक प्रशिक्षक कामगार संघटनेच्या बाजूचा हवा, आणि त्याच्याकडे कामगार शिक्षकाचं जुनं सरकारी प्रमाणपत्र हवं.

"दोन तालुके शोधले, सर. सांखळीचे एक होते, ते गेल्या वर्षी वारले. एकजण मुलाकडे दुबईला. मग योगेशभाईंनी तुमचं नाव सांगितलं."

योगेश म्हणजे संघटनेचा आताचा सेक्रेटरी. दोघांतला एक मेला आणि दुसरा दुबईला गेला म्हणून आपला नंबर लागला, हे कमलाक्षीला स्वच्छ ऐकू आलं. शिवदासला बहुधा फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. तो कदेलीवर ताठ बसला.

"विषय कोणता घ्यायचा?"

"तुम्ही म्हणाल तो, सर. आधी एवढ्या सह्या देता का? वाचण्यासारखं काही नाही, फॉरमॅट आहे. पिवळी चिठ्ठी दिसते तिथं करायची."

कमलाक्षी आत चहा ओतायला गेली. जाताना तिने जनेलापाशी चष्मा पाहिला, येताना कपाबरोबर तो घेऊन आली. पण तोवर चार पिवळ्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, आणि शिवदास पेनाचं टोपण लावत मुलीला विचारत होता, फळा मिळेल का.

"प्रोजेक्टर आहे, सर."

"असू दे. फळाही ठेवा."

चारांतली एक प्रत तुमच्यासाठी, म्हणून विनिताने कागद मेजावर ठेवले, उंडो आणि भाजी आवडीने खाल्ली, आणि ती गेली.

आता ह्यात एवढं काय, चार सह्या तर केल्या, असं कोणालाही वाटेल. ते तसं का नाही, हे कळायला शिवदास कोण होता ते सांगायला हवं.

तो डिचोलीच्या बाजूच्या एका खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होता. डंपरचा गिअरबॉक्स आवाजावरून ओळखणारा. एकोणतीस वर्षांचा असताना संघटनेने त्याला कामगार शिक्षकाच्या प्रशिक्षणाला पाठवला. तीन महिने भरपगारी सुटी, आणि परत येऊन एकच अट: जे शिकलास ते पाळी सुटल्यावर दुसऱ्यांना शिकव. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कमलाक्षीला वाटलं होतं, नवरा शिकून साहेब होणार. तो फळा घेऊन आला.

त्याच्या वर्गाची एक पद्धत होती. नोटीस असो, कराराचा मसुदा असो, नाहीतर कोणाला आलेलं आरोपपत्र, तो कागद हातोहात फिरायचा आणि प्रत्येकाने एक ओळ मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नसे त्याने शेजाऱ्यामागून म्हणायची. आणि ओळ वाचून झाली तरी ती झाली असं धरत नसत. कोणीतरी "म्हणजे?" विचारायचं, दुसऱ्या कोणीतरी आपल्या भाषेत सांगायचं, मगच कागद पुढे. मास्तरने स्वतः सांगायचं नाही. 'व्यवस्थापनाच्या सोयीनुसार' ह्या दोन शब्दांवर एकदा एक अख्खी संध्याकाळ गेली होती. शेवटी परेश नावाच्या डंपरवाल्याने सांगितलं, "म्हणजे ते सांगतील तेव्हा आणि आपण विचारायचं नाही तेव्हा." त्या दिवशी वर्ग सुटला. असा कागद वाचून पुरा होईपर्यंत पेन कोणी खिशातून काढायचं नाही, हा नियम. अधिकारी वैतागायचे. पाचशे माणसांना नोटिशीवर पोच द्यायला दोन दिवस लागायचे. त्यावरून ते नाव पडलं, म्हणजे मास्तर.

पुढे संघटनेची डिचोलीची खोली सुटली, आणि फळा कारापूरला त्यांच्या बलकांवावर आला. सहा वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी तिथं वर्ग भरला. वीस-बावीस जणांचा चहा करत कमलाक्षी जनेलाच्या आतल्या बाजूला असायची. तिला वर्गात ये, असं कोणी म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. कामगार ती नव्हतीच, तिला पाळी सुटण्याची वेळ कुठं होती?

मग काळ बदलला, तसे वर्गही बदलले. आधी कंपनीनेच वर्ग घ्यायला सुरुवात केली. न दमता मन लावून काम कसं करावं, कंपनी म्हणजे आपलं कुटुंब कसं. परेशने तिथंही "म्हणजे?" विचारलं, तेव्हा त्याला पुढच्या वेळी बोलावलं नाही. मग खाण बंद पडली आणि शिक्षणाचा नुसता पाऊस पडला. माणसाला काम नसलं की त्याला शिकवायला सगळे तयार असतात. अळंबी कशी पिकवावी, मधमाश्या कशा पाळाव्यात, हॉटेलात पाहुण्याचं स्वागत कसं करावं. पंचवीस वर्षं डंपर हाणलेल्या परेशला टॉवेलाचा राजहंस करायला शिकवलं. त्याला तो इतका चांगला जमला की पुतणीच्या लग्नात त्याने आहेराच्या चार टॉवेलांचे चार हंस करून ठेवले. नोकरी मात्र लागली नाही. हंस पन्नाशीच्या आतल्यांनीच करायचे होते.

शिवदासने तिन्ही प्रशिक्षणं घेतली, तिन्ही प्रमाणपत्रं कपाटात ठेवली. अळंबी एकदाच उगवली. ती त्याने पिशवीत नव्हे, शेजाऱ्याच्या जळाऊ लाकडांत पाहिली, आपोआप आलेली.

तर असा हा माणूस चष्म्याशिवाय चार सह्या करून बसला होता. कमलाक्षीने चष्मा परत जनेलापाशी ठेवून दिला. फार वर्षांनी त्याला कोणी शिकवायला बोलावलं होतं. त्याने माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या, दोन दिवस टिपणं केली, आरशासमोर उभा राहून "मित्रांनो" म्हणून पाहिलं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला स्कूटरवरून पेडण्याला गेला तो दीड वाजता घरी हजर.

"इतक्यात सुटला वर्ग?" कमलाक्षीने विचारलं.

"वर्ग चालू आहे. माझं झालं."

"काय शिकवलंत?"

"समई लावली," शिवदास म्हणाला. खांद्यावरची शाल त्याने घडी न घालताच मेजावर टाकली. "मग दहा मिनिटं मनोगत होतं. त्यातली चार ध्वनिवर्धक नीट करण्यात गेली."

मग हळूहळू बाकीचं कळलं. पुण्याहून आलेल्या एका उत्साही बाईंनी सगळ्यांना तीनदा टाळ्या वाजवायला लावल्या, शेजाऱ्याला मिठी मारायला सांगितलं, आणि हसतमुख राहण्याचे सात फायदे पडद्यावर दाखवले. तेव्हा मंजुळा नावाची एक बाई उठली. चंदगडकडची, नवरा धोंडिबा बांधकामावर, ती इस्त्रीच्या रोलरवर. ती म्हणाली, "बाई, हसायचं ते कुणाकडं बगून? आमच्याकडं गिऱ्हाईक येत न्हाई. चादरीकडं बगून हसू?"

हे सांगताना शिवदास त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "माझ्या वर्गात पाहिजे होती ती."

"उद्या घ्या की मग वर्ग."

"उद्या मी व्यासपीठावर बसायचं आहे. तणावमुक्तीचं सत्र आहे."

दुसऱ्या दिवशी तो व्यासपीठावर बसायला गेला. कमलाक्षीने घर झाडलं, मेज पुसलं. कागदांची प्रत अजून तिथंच होती. वर शाल पडलेली. शाल घडी करून तिने कपाटात ठेवली आणि कागद उचलले. ठेवायला म्हणूनच उचलले होते. पण पहिल्या ओळीपाशी नजर थांबली, आणि मग ती जनेलापाशी उजेडात जाऊन बसली.

दोन कागद होते. एक कामगारांनी तिसऱ्या दिवशी सही करायचा. वरती 'प्रशिक्षण पूर्तता व अभिप्राय' असं लिहिलेलं. कार्यक्रम कसा वाटला, जेवण कसं होतं, चांगलं की फार चांगलं. आणि खाली, बारीक अक्षरात: 'प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून माझी नेमणूक नव्याने झाली असे समजण्यात यावे. तत्पूर्वीच्या सेवेबाबत माझी कोणतीही मागणी राहणार नाही.'

दुसऱ्या कागदावर आधीच सही होती. 'वरील मजकूर सर्व प्रशिक्षणार्थींना मराठीतून वाचून दाखवून समजावण्यात आला आहे.' खाली: संघटनेच्या वतीने प्रशिक्षक. आणि त्याखाली शिवदासचं ते डौलदार, शेपूट वळवलेलं नाव.

भाजी लागल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

शिवदास आला तो खुशीत होता. आज त्याला जेवायला साहेबांच्या टेबलावर बसवलं होतं, विसवणाच्या माशाची कढी छान होती. तिने चहा होऊ दिला. मग दुसरा कागद त्याच्या पुढ्यात ठेवला, चष्मा वर ठेवला, आणि एक ओळ वाचायला सांगितली.

त्याने वाचली. मोठ्याने, सवयीने.

"म्हणजे?" कमलाक्षी म्हणाली.

त्याने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग तिने पहिला कागद पुढे केला. तोही त्याने वाचला. ह्या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत.

"म्हणजे काय, मी सांगते," ती म्हणाली. "म्हणजे त्या मंजुळेची आतापर्यंतची वर्षं गेली. आणि ती गेली हे तिला तुम्ही समजावून सांगितलंत."

"तू हे कुठं शिकलीस?"

"जनेलाच्या ह्या बाजूला."

शिवदासने योगेशला फोन लावला. फोनवरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जात होतं, कारण त्याला नेहमी वाटायचं की लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

"काका, तो स्टँडर्ड फॉरमॅट आहे," योगेश म्हणाला. "सगळीकडे तोच चालतो. ठेकेदार बदलतोय, त्यामुळे कागद नवे करावे लागतात."

"आणि पाच वर्षं झालेल्यांना कायम करायची बोलणी? ती तूच चालवतो आहेस ना रे?"

"चालू आहेत, काका."

"पाच वर्षं झालेला एकही उरणार नाही उद्यापासून. कोणासाठी चालू आहेत?"

"हे बघा, कंपनीने आपल्याला आत वर्ग घ्यायला परवानगी दिलीय. वीस वर्षांत पहिल्यांदा. हे पण बघायला नको का?"

"तू वाचलास तो कागद?"

"पीडीएफ आला होता," योगेश म्हणाला.

फोन ठेवून शिवदास अंगणात एक फेरी मारून आला. मग म्हणाला, अंग मोडून आलंय, उद्या काही जाणं व्हायचं नाही. विनिताला तसा निरोप देतो. शेवटचा दिवस तर आहे, प्रमाणपत्रं वाटणार, तिथं माझं काय अडलंय?

"तुम्ही नका जाऊ," कमलाक्षी ताट मांडत म्हणाली. "तुमची सही जाईल. तिला काही ताप आलेला नाही."

तो जेवला नाही. तिने आग्रह केला नाही, हे त्याला जास्त लागलं. हात धुवायला गेला तेव्हा पाठमोराच म्हणाला, "पोरीने सर म्हटलं गो. त्या नादात झालं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी चहा जरा लवकर आणायला हवा होता."

सकाळी तो तयार झाला तेव्हा कमलाक्षीही इस्त्रीचं पातळ नेसून उभी होती. धारगळला भावाकडे उतरते, म्हणाली. धारगळ आलं. हायवेच्या कडेला भावाचं दुकान उघडं दिसलं, भावजय कोमल बाहेर केरही काढत होती. कमलाक्षीने तिला हात केला आणि स्कूटरवरून उतरली नाही. शिवदासनेही काही विचारलं नाही.

लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल थंडगार होता. खुर्च्यांना पांढरी कापडं घातली होती. ती धुणारीच माणसं आज त्यांच्यावर बसली होती, जरा पुढे सरकून, मळू नयेत अशी. पुढच्या टेबलावर एकीकडे प्रमाणपत्रांचा गठ्ठा, दुसरीकडे अभिप्रायाचे कागद, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी. जिन्याखाली जेवणाची भांडी लागत होती. विनिताने कमलाक्षीला ओळखलं आणि मागच्या रांगेत खुर्ची दिली.

शेजारी लाल टिकली लावलेली एक बाई होती. "तुमी नव्या काय?" तिने विचारलं. "कुठल्या मशीनवर?"

"मी मास्तरांची बायको."

"समईवाल्या मास्तरांची?" बाई मोकळेपणाने हसली. "भला माणूस. परवा दहा मिन्टं बोलले तेच काय ते आमच्याबद्दल बोलले. मी मंजुळा."

"किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"दिवाळीला पाच भरतील बगा. सायेब म्हणत्यात पाच झाली की कायम करायचं चाललंय. मग पोरगीला इथंच शाळेत आणीन म्हणते. तीन वरसं आजीकडं ठेवलीय गावाला."

कमलाक्षीने तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या टेबलाकडे. सांगावं, असं तोंडापर्यंत आलं. पण एका मंजुळेला सांगून भागणार नव्हतं, हॉलमध्ये सत्तर होत्या. आणि ज्याने सांगायचं तो पुढे व्यासपीठावर दुसरी एक शाल खांद्यावर घेऊन बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गात नापास झालेल्या पोरासारखा.

कंपनीचे प्रमोद साहेब उठले. कोल्हापूरचे, बोलायला गोड. तीन दिवस कसे सरले कळलं नाही, म्हणाले. आता कागद वाटतोय, चिठ्ठी आहे तिथं सही करा, पुढे येऊन प्रमाणपत्र घ्या, फोटो काढा आणि जेवायला खाली चला. आज चिकन आहे, शाकाहारींना पनीर.

कागद रांगांतून फिरले. पेनंही कंपनीनेच दिली, नवी, कंपनीचं नाव छापलेली. मंजुळेने कागद मांडीवर घेतला, 'जेवण कसे होते' ह्यापुढे 'फार चांगले'वर खूण केली आणि पिवळी चिठ्ठी शोधू लागली.

"मला थोडं बोलायचं आहे," शिवदास म्हणाला.

तो ध्वनिवर्धकापाशी गेलाच नाही. खाणीवर असलं काही नव्हतंच कधी.

"बोला की सर," प्रमोद साहेब हसून म्हणाले. "दोन शब्द. मग जेवण."

"मित्रांनो," शिवदास म्हणाला, आणि थांबला. आरशासमोर पुढचं जे पाठ केलं होतं ते आज उपयोगाचं नव्हतं. "तुमच्या हातात जो कागद आहे, त्याच्याबरोबर आणखी एक कागद आहे. तो तुम्हाला दिलेला नाही. त्यावर माझी सही आहे. त्यात लिहिलंय की मी हा कागद तुम्हाला वाचून दाखवला आणि समजावला."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"मी दाखवलेला नाही. मीही तो वाचला नव्हता. चष्मा लावला नव्हता, आणि मला सर म्हटलं होतं. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि सही करून मी इथं समई लावायला आलो."

विनिताने मान खाली घातली. तिच्या हातातली फाईल अजून तशीच जाड होती, आणि कमलाक्षीला वाटलं, ह्या पोरीनेही ती कधी उघडून वाचली नसेल. तिलाही कोणीतरी सांगितलं असेल, फॉरमॅट आहे.

"सर, हे आपण नंतर ऑफिसात बोलू," प्रमोद साहेब म्हणाले. आवाज गोडच होता, पण ते उभे राहिले होते. "जेवण थंड होतंय. लोकांना दोनची पाळी आहे."

मंजुळेचं पेन चिठ्ठीपाशी थांबलं होतं. तिने कमलाक्षीकडे पाहिलं. कमलाक्षीने नजर पुढे शिवदासकडे वळवली. मंजुळेने पेनाला टोपण लावलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं आणि त्याही थांबल्या.

शिवदासने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"साहेब, मला दुसरं काही नको," तो म्हणाला. "हा कागद पहिल्या ओळीपासून ह्यांच्याबरोबर मोठ्याने वाचायला जेवणाआधी अर्धा तास द्या."